नापास बियाणं

भोकरदनच्या बसमध्ये प्रियदर्शनी मांडीवर मक्याच्या बियाण्याची नवी पिशवी घेऊन सासूशेजारी बसली होती. पहिलं उगवलंच नव्हतं. सुनेनंच खोल पेरलं असं धरून सासू द्वारकाबाई आठ दिवसांपासून तिच्याशी बोलत नव्हत्या. पुढच्या सीटवर बियाणे कंपनीतले दोन कॉम्प्युटरवाले भांडत होते.

“श्रेणिक, बियाण्याच्या चाचणीचा प्रोग्राम मी टाइपस्क्रिप्टमध्ये कशापायी लिहिला? चूक चालवायच्या आधीच सापडावी म्हणून.”

“अंगद, आता सरळ कमांड मारली तरी फाईल चालते. मला जल्दी होती.”

“चालते! पण तसं चालवलं की टाइप, म्हंजे कुठं कोणत्या प्रकारची माहिती पाह्यजे ते, तपासतच न्हाई, नुस्ते काढून फेकतं. बियाणं चाचणीत पास का, त्या रकान्यात नुस्तं खरं किंवा खोटं पाह्यजे होतं. तू ‘नाही’ हा शब्द पाठवला.”

“मंग? नाही म्हंजे नाहीच ना!”

“मशीनला न्हाई. कोणताबी शब्द दिसला की ते हो धरतं. सगळा नापास माल पास होऊन गेला.”

“साहेब काय म्हणले?”

“म्हणले, आता दुरुस्त झालं ना, मंग गप बसा.”

“अन् शेतकऱ्यांचे फोन येऊन राह्यले, त्यांना?”

“एकच सांगून राह्यलो सगळ्यांना, तुम्हीच खोल पेरलं.”

द्वारकाबाईंनी सुनेच्या मांडीवरची पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली.