फ्रेमबाहेरचे टॉवर

माझे फ्लेमिंगोंचे फोटो बघून तुम्ही म्हणता ना, हे नवी मुंबईतलं वाटतच नाही? त्याचंच सांगतो.

आमच्या सोसायटीमागच्या खाडीलगतच्या तळ्यात भराव पडायला लागला, तेव्हा मी सहा वर्षांचे फोटो घेऊन सुनावणीला गेलो. सोबत धर्मामामा होते, त्याच तळ्यात जाळं टाकत म्हातारे झालेले कोळी. समोरचा वकील म्हणाला, "तिथे तळं नव्हतंच. पडीक जागा आहे."

मी फोटो पुढे केले. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी एकेक निरखून पाहिला. म्हणाले, "सुंदर आहेत. पण जागा हीच, हे कशावरून? मागे एकही इमारत दिसत नाही."

दिसणार कशी? टॉवर, विजेचे खांब, राडारोडा, सगळं मीच दर वेळी फ्रेमबाहेर ठेवलेलं. फोटो खराब होतो म्हणून. कॅमेराही जुना, त्यात जागेची नोंद होत नाही.

बाहेर जिन्यात मामा म्हणाले, "मी तं रोज तिथंच व्हतो. मना पन तू बाजूला व्हायला सांगायचास."