राहिलेला शेवट

बीडच्या टॉकीजवर जुना प्रेमाचा सिनेमा पुन्हा लागला होता. तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढं धारूरचं एक म्हातारं जोडपं उभं होतं.

“गंगासागर, एक सांगायचं राहिलंय,” म्हातारा बायकोला म्हणाला.

“बोला की.”

“तवा ह्योच सिनेमा बघताना लेकरू रडलं म्हणून तू मधूनच भाईर गेलतीस. शेवटी दोघांचं लगीन झालं, असं मी तुला सांगितलं. ते खोटं हाय. दोघं बी मरतेत.”

“मला ठाऊक हाय. आठ दिवसांत शेजारच्या छबुबाईनं सांगितलं.”

“मग बोलली कावून न्हाईस?”

“तुमी ते लगीन लई गोड सांगितलं होतं. हळद, वरात, समदं.”

“मग आज कावून आलीस?”

“तवा तुमी एकलेच रडले असताल. आज संगं रडू. सरका पुढं, रांग हालली.”