नळी घालू नको, मुबिन!

मंडळी, एक विचारतो. मनातल्या मनात उत्तर द्या. आपलं माणूस निघालं असेल, तर त्याला धरून ठेवणं म्हणजे प्रेम का हो?

(मागं कुणाचा मोबाइल वाजतोय? बंद करा महाराज! तेवढ्याला कुणाची परवानगी लागत नाही!)

हां, तर ऐका! हर्णैचा मुबिन पारकर. लाँचची इंजिनं दुरुस्त करणारा. बंद पडलेलं इंजिन चालू केल्याशिवाय जेवायचा नाही! आणि त्याची आई रुकैयाबी. चाळीस वर्षं गावातल्या पोरींना कुराण शिकवलेली बाई. तिची फुप्फुसं निकामी झाली. डॉक्टर शेंड्यांनी स्पष्टच सांगितलं, "आता गुण येणार नाही. घशात नळी घालून श्वासाचं मशीन लावलं तर थोडे दिवस लांबतील, एवढंच."

म्हातारी शुद्धीत होती बरं का! डॉक्टरांसमोर म्हणाली, "मुबिन, नळी घालू नको. तोंड मोकळं ठेव बाबा. जाताना कलमा पढायचाय मला."

तुम्ही विचाराल, बुवा, कलमा म्हणजे काय? अहो, देव एकच आहे, याची साक्ष! आपण अंतकाळी रामनाम मागतो ना? तसंच मागणं तिचं.

पण मुबिन पडला इंजिनवाला! म्हणाला, "अम्मी, इलाज नाकारणं गुनाह आहे!" सकाळी तिला धाप लागली, शुद्ध हरपली — आणि यानं सही ठोकली!

नळी गेली घशात. चौथ्या दिवशी तिनं डोळे उघडले. हात बांधलेले — नळी ओढू नये म्हणून! ओठ हलवायला बघतेय, हलत नाहीत. नुसती लेकाकडं बघतेय. डोळ्यांतून पाणी. काय वाटलं असेल हो त्या माउलीला?

मुबिनला ते बघवेना. गेला मुफ्तीसाहेबांकडं, धर्माचा निवाडा देणाऱ्यांकडं. "मी बरोबरच केलं ना?"

मुफ्तींनी उलट विचारलं, "तिनं काय सांगितलं होतं?"

मुबिननं सांगितलं, "नळी घालू नको म्हणाली होती. शुद्धीत होती तेव्हा."

"बेटा, जीव घेणं हराम. पण ज्या इलाजानं गुण येणार नाही, तो नाकारायची मुभा आहे. तिनं शुद्धीत नाकारला होता. तू लादलास."

दवाखान्यात परतला. मुफ्तींचं म्हणणं डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर मान खाली घालून म्हणाले, "आमचा नियमही तोच सांगतो. तुमची सही घेतली, ही माझी चूक." मग त्यांनी आईलाच विचारलं, "नळी काढू?" तिनं होकाराची मान हलवली. दोनदा!

हात सोडले. नळी काढली. दम लागू नये म्हणून औषध दिलं. मुबिन कानाशी वाकून कलमा पढू लागला — तशी रीतच आहे, ऐकून जाणाऱ्या माणसानं म्हणावं. रुकैयाबीचे ओठ हलले. पण घसा सोलवटलेला... आवाज फुटेना हो! तासाभरात गेली.

मुफ्ती म्हणाले, "अल्लानं ऐकलं, बेटा."

मुबिन ढसाढसा रडला. "त्यानं ऐकलं असेल. मी नाही ऐकलं!"

मंडळी, तुम्ही म्हणाल, बिचारी रुकैयाबी! नका म्हणू! तुमची आई आत्ता घरी बसलीय. गोळ्या विचारता, जेवण विचारता. जायचं कसं, हे विचारलंय कधी? विषय काढला की, "काहीतरीच काय बोलतेस!" म्हणून तिला गप्प करता ना? तीही नळीच हो — तुम्ही घातलेली!

आज घरी जा. तिच्याजवळ बसा. विचारा. आणि ती बोलेल तेव्हा, त्या पांडुरंगाची शपथ आहे तुम्हाला — मध्ये बोलू नका.