माझ्या पेशी गप्प का बसल्या

नाही, तुम्हीच सांगा, वर्षभर ज्या मुलीचं रक्त ‘निरोगी’ अशी चिठ्ठी लावून वापरलं, तिच्या पोटात एकदा तरी डोकावून बघायला नको? आमच्या प्रयोगशाळेत निरोगी म्हणजे मी. का, तर मी इथं पीएचडी करते, कायम हाताशी असते. माझ्या गाइड मॅडम यायच्या, “अगं, निरोगी रक्त संपलं, बाही वर कर,” की मी एका हाताने रक्त द्यायची आणि दुसऱ्याने फॉर्म भरायची, ‘पोटाची तक्रार: नाही’... आणि तोंडात जळजळीची गोळी. आता जळजळ म्हणजे काय तक्रार असते का? ती चहानं होते, चिडल्यानं होते, आणि मी तर शाळेपासून चिडलेलीच आहे.

काम काय, तर जठरात एक पिळदार जिवाणू राहतो. आपलं जेवण जिथं विरघळतं तिथं हा खुशाल संसार थाटतो, कारण तो आपल्या रोगप्रतिकारक पेशींशी भांडत नाही, त्यांची समजूत घालतो... ‘कशाला उगाच डोक्याला त्रास, मी कोपऱ्यात पडून राहीन.’ आणि त्या ऐकतात, तुम्हाला सांगते, ऐकतात. आमचा अंदाज असा, की बशीत हा जिवाणू समोर ठेवला तर निरोगी माणसाच्या पेशी खवळतील, रुग्णाच्या गप्प बसतील. बसल्या. रुग्णांच्या बसल्या, निरोगीच्याही बसल्या. वर्षभर. मी यंत्राला शिव्या दिल्या, रसायनं बदलली, यंत्रच खराब आहे म्हणून सगळ्या विज्ञानखात्याला पत्र लिहिलं, तीन पानी. आणि निरोगी म्हणजे मी.

शेवटी मॅडम म्हणाल्या, “दुसऱ्या कोणाचं तरी रक्त घेऊन बघ ना.” ऑफिसातल्या क्लार्ककाकांना आधी तपासून घेतलं, जिवाणू नाही, मग त्यांचं रक्त घेतलं. ते म्हणाले, “लवकर काढ गं, डाक यायचीय.” आणि त्यांच्या पेशी खवळल्या हो... पडद्यावरची रेघ सरळ वर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. चौथ्या टाळीला मी थांबले.

प्रयोग बिघडला नव्हता. मी बिघडले होते.

मग नळकांड्यात फुंकर मारायची तपासणी... जिवाणू आहे. मग घशातून कॅमेरा. डॉक्टर म्हणाले, “जठराचे चार तुकडे घेतलेत, आठ दिवसांनी कळेल.” काय कळेल हे मला कोणी सांगायची गरज नव्हती, माझ्या प्रबंधाचं पहिलंच वाक्य आहे, की हा पाहुणा फार वर्षं राहिला तर कधी कधी तिथं कॅन्सर होतो. किती छान वाटायचं ते वाक्य. आता मी ती फाइलच उघडेना. आईला फोन केला तर ती म्हणाली, “लहानपणी तुझा घास मी चाखून द्यायचे, त्यातून आलं असेल का गं?” आणि रडायला लागली. मी म्हटलं, “आई, असं काही नाही,” आणि असंच असतं बहुतेक वेळा, हेही माझ्याच प्रबंधात आहे. आठ दिवस मी जेवताना प्रत्येक घासाला कान लावून बसले. निरोगी म्हणजे मी...

रिपोर्ट आला. नुसती सूज. वाईट काही नाही. डॉक्टर म्हणाले, “चौदा दिवस गोळ्या, आजपासूनच.” मी दवाखान्याच्या पायरीवर बसून आईला फोन केला आणि रिपोर्ट दोनदा वाचून दाखवला.

गोळ्या घेऊन शुक्रवारी संध्याकाळी प्रयोगशाळेत आले तर मॅडमनी पाठीवर हात ठेवला, फार मायेनं. मग म्हणाल्या, “बाळा, औषध सोमवारी सुरू केलंस तर? रुग्णाचं रक्त उपचाराआधी हवं, तेही ताजं, आणि यंत्र शनिवार-रविवार बंद आहे.”

मी. जिने तीन पानी पत्र लिहिलं, जी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. पोटात तो बसलाय, हातात गोळ्या आहेत, आणि मी म्हणाले, “चालेल मॅडम.”

उगाच पेशींना नावं ठेवत होते. माझ्याच आहेत त्या.