पाचातले दोनच

"हॅलो? … कोण? … अरे, मरियममावशी! सलाम मावशी, सलाम. … हो, बोला की. … आवाज? कसला आवाज? … हां, तो व्हय. टीव्ही हाय. थांबा, बारीक करतो."

टीव्ही नव्हताच. टोनीच्या कॉम्प्युटरवर सिनेमा चालू होता, आणि सिनेमातलं हेलिकॉप्टर खिडकीकडून निघून त्याच्या पाठीमागून दाराकडे चाललं होतं. ते तसं पाठीमागूनच जावं म्हणून गडी गेलं वर्षभर जीव टाकत होता. घाईत त्याला माउस सापडेना, तेव्हा त्यानं टेबलाखालच्या, स्पीकरच्या मोठ्या डब्याचं बटणच दाबलं. खोली एकदम गप्प झाली.

"हां, बोला आता. कुठनं, दौंडवरनं? स्वीटीकडंच हाय का अजून? … बरं, बरं. … लेकीकडं राहावं की, शिरूरला एकटीनं काय करायचंय? … काय? … न्हाई आलं ऐकू. … गाडी चाललीय व्हय? मग जाऊ द्या गाडी. … मालगाडी हाय वाटतं. … न्हाई न्हाई, फोन कापू नका. थांबतो की मी."

मरियममावशी म्हणजे शिरूरच्या चर्चमधल्या शब्बाथशाळेच्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गाच्या, बाई. प्रार्थनेला डोळे कसे मिटायचे ते टोनीला त्यांनीच शिकवलं, आणि कोण किलकिले करून बघतंय हे स्वतःचे डोळे न उघडता त्यांना कळायचं. त्यांचा फोन आला की टोनी अजूनही खुर्चीत नीट बसतो.

परवाच्या रविवारी चर्चमध्ये कापणीचा सण झाला. त्या दिवशी मंडळी भोपळे, अंडी, कोंबड्या, नाहीतर घरातली एखादी चांगली वस्तू देवापुढे आणून ठेवतात, आणि उपासना झाली की आवारात लिंबाखाली त्यांचा लिलाव होतो. पैसा चर्चला. त्या लिलावात भावाला धरबंध नसतो. साधा दुधी बाजारभावाच्या कितीतरी पट जातो, घेणारा तो उचलून परत टेबलावर ठेवतो, की पुन्हा बोली सुरू. देवाच्या कामात घासाघीस कोण करणार? यंदा मावशींनी दिलं ते आपल्या नवऱ्याचं, प्रभुदासकाकांचं, पाच स्पीकरांचं होम थिएटर. काका गेल्यापासून ते खोक्यातच पडून होतं. ते टोनीनं घेतलं, आणि फार स्वस्तात घेतलं.

"गेली का? … हां, बोला. … हो तर, त्याच दिवशी घरी आणलं. … लावलं ना. … हो, कॉम्प्युटरलाच. … वाजतायत की. दोन… दोन वाजतायत. … अहो भागतंय मावशी. दोनावर भागतंय. माणसाला कान तरी किती असतात, दोनच."

पाचही वाजत होते. नुसते वाजत नव्हते, नवे कोरे असल्यासारखे वाजत होते.

असा आवाज घरात यावा म्हणून टोनीनं काय कमी पायपीट केली? शिरूरच्या दुकानात पाच स्पीकर म्हटलं की दुकानदार लग्नातल्या डीजेच्या भिंतीकडे बोट दाखवायचा. पुण्याला बुधवार पेठेतली इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं पालथी घातली. आवडेल ते परवडेना आणि परवडेल ते आवडेना. ऑनलाइन एक स्वस्तात दिसलं, तर खाली बारीक अक्षरात कबुली होती की आवाज दोनाचाच, बाकीचे तीन त्यांची नक्कल करणार. त्याच्या सणसवाडीच्या कंपनीतला एक बिहारी सोबती म्हणाला, "सेकंड हँड देखो भैया." तेही बघून झालं. आणि मग लिंबाखालच्या टेबलावर, दोन भोपळ्यांच्या मधोमध, देवानं ते आणून ठेवलं.

"काय म्हणता? … दुरुस्तीवाला? … न्हाई, न्हाई! दौंडवरनं कशाला माणूस पाठवताय? … स्टेशनजवळचा असू द्या न्हाईतर कुठला. … तसं न्हाई मावशी, माझा इश्वास हाय त्याच्यावर, पण… अहो, दुरुस्त व्हायजोगं न्हाईच ते. म्हंजी… दुरुस्त करायजोगं काही न्हाईच त्यात. … म्हंजी तेच हो. दोन झकास चाललेत. … ऐका ना, त्याला पाठवू नका. सांगून ठेवा त्याला आत्ताच."

टोनी कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर पार्ट तपासायचे, खोट निघाली की लाल टॅग लावून बाजूला टाकायचा, हे त्याचं काम. चर्चचा माइक आणि स्पीकरही तोच बघतो. त्यामुळे लिलावात विजेची वस्तू आली की ती आधी टोनी वाजवून बघणार, तो सांगेल ते पुकारलं जाणार, असा रिवाज. टोनीनं बघितलंय म्हणजे बघितलंय.

त्या दिवशीही त्यानं बघितलं. मोबाइलला वायर जोडली, गाणं लावलं, आणि पाचातले दोनच बोलले. "पाचातले दोनच चालतायत," असं तो सगळ्यांसमोर म्हणाला, आणि तोवर तो खरंच बोलत होता. मग वायरी गुंडाळताना त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीतून डोकावणाऱ्या आणखी दोन पिना दिसल्या, एक काळी, एक नारिंगी. असल्या सेटला तीन पिना लागतात. मोबाइलला भोक एकच. कॉम्प्युटरच्या पाठीला तीन असतात. एका पिनेवर दोनच स्पीकर बोलणार, सगळा उलगडा तिथंच झाला. एवढ्यात लिलाव पुकारणाऱ्या बबनरावांनी विचारलं, "काय टोनी, काय सांगू मंडळीला?" टोनीनं त्या दोन पिना हळूच पिशवीत सारल्या आणि नुसती मान हलवली. खोटं तो एकदाही बोलला नव्हता. खरं बोलायचं तेवढं राहून गेलं होतं.

बबनरावांनी "पाचातले दोनच" असं पुकारल्यावर बोली चढणार कशी? एका कोंबडीच्या भावाच्या आसपास जाऊन ती टोनीपाशी थांबली.

"काय पाठवताय? … गूळ? … राहूवरनं? … अख्खी ढेप! मावशी, अहो ढेप कशाला? … माझं कसलं नुकसान? … मी पैसे देऊन फसलो न्हाई हो! … माझ्या भल्या मनाचं काय घेऊन बसलात? … लाजवू नका मावशी, खरंच."

मावशींचं म्हणणं असं पडलं, की टोनीनं मोडकी वस्तू मुकाट्यानं घेतली, वर तक्रारीचा एक शब्द काढला नाही, तेव्हा त्याच्या घरी राहू गावच्या दिराच्या गुऱ्हाळातली ढेप गेलीच पाहिजे. टोनीच्या घशात आतापासूनच गूळ अडकला. आत ओट्याशी त्याची बायको नॅन्सी भाकरीचं पीठ मळत होती. तिला त्यानं सांगितलं होतं, की मोडकं आणलं आणि घरी दुरुस्त केलं, आणि ती बिचारी नवऱ्याच्या हातगुणावर खूश होती.

"काका? … काकांनी काय केलं? … हो, चांगलंच घेतलं असणार की त्यांनी. … न्हाई हो, दुकानदारानं फसवलं नसंल. … न्हाई, तुमच्याशी खोटं कशाला बोलतील काका? … काय केलंय फोटोला? … उलटा? भिंतीकडं तोंड करून? … मावशी! … अहो, गेलेल्या माणसावर राग धरतात व्हय? त्यांचा काय दोष यात? … न्हाई न्हाई, ऐका, फोटो आधी सरळ करा तुम्ही. … का म्हंजी? … सांगतो ना, काकांचा काही दोष न्हाई म्हणून. … मला? मला कसं ठावं? … असंच. माझं मन सांगतंय."

मन बरंच काही सांगत होतं. प्रभुदासकाका रेल्वेत होते. सेट घेतला तेव्हा त्यांनी मावशींना शब्द दिला होता, 'मरियम, एक नंबर वस्तू हाय, आपल्यामागं पोरं वाजवतील.' आणि आता स्वीटीच्या घरच्या भिंतीवर ते भिंतीकडे तोंड करून उभे होते, शब्बाथशाळेत दंगा केलेल्या पोरासारखे. टोनीनं समोरच्या स्पीकरकडे बघितलं आणि नजर वळवली, तर तिकडेही स्पीकरच होता. आता खोलीत बघावं तिकडे स्पीकरच होते. हौस ती हीच.

"रविवारी? … येताय शिरूरला? या की. … साक्षीच्या वेळेला? … उभ्या राहणार? कशाला? … काय? … न्हाई मावशी. न्हाई, असलं काही करू नका. … पाळकसाहेबांना सांगितलं पण? … अहो कसली क्षमा? … देवाला लंगडं कोकरू… हो, हाय ध्यानात. तुम्हीच शिकवलेलं, कसं विसरंन? देवाला द्यायचं ते धडधाकट द्यायचं. … हो, पण… मावशी, तुम्ही काय मुद्दाम दिलं का? … तरी पण? … सगळ्या मंडळीसमोर?"

टोनी खुर्चीतून उठला. ज्या बाईनं तीन पिढ्यांना पाप कशाला म्हणतात ते शिकवलं, ती रविवारी साक्षीला, म्हणजे देवाचा अनुभव सगळ्यांसमोर सांगायच्या वेळेला, पदर सावरत उभी राहणार, आणि आपण देवाला खोटी वस्तू दिली म्हणून मंडळीची माफी मागणार. आणि टोनी कुठं असणार? मागच्या बाकाशेजारी, माइकचा आवाज लावत. मावशींचा आवाज बारीक, तेव्हा तो मोठा करायचं कामही त्यालाच. आपण काय करून बसलो, हे इतके दिवस त्याला कळत होतं. आता ते सोसवेना.

"मावशी. … मावशी, जरा ऐका. … न्हाई, आधी माझं ऐका. एक सांगायचं हाय. … कसं सांगू… मावशी, ते पाचही वाजतात. त्याला तीन पिना असतात, मी एकच लावली होती. पहिल्यांदा चुकून. खरंच चुकून, देवाशपथ. पण मग कळलं मला. तिथंच, टेबलावर कळलं, लिलावाच्या आधी. बबनरावांनी इचारलं तवा तोंड उघडायचं तर मी मान हलवली. मला पायजे होतं ते, मावशी. वर्षभर हिंडलो त्याच्यापायी. म्हटलं, कोणाला कळतंय? … तुमचं काही चुकलं न्हाई, काकांचं काही चुकलं न्हाई. चोरी मी केली. आन् कोणाच्या घरात न्हाई, देवाच्या आवारात केली. … काय बोलायचं ते बोला आता. … मावशी? … हॅलो? … हॅलो?"

त्यानं मोबाइल कानावरून काढून बघितला. फोन केव्हाच कट झाला होता. एवढी कबुली, आयुष्यात पहिल्यांदा एका दमात दिलेली, ती सगळी वाऱ्यावर गेली होती. टोनीला आधी हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची लाज वाटली.

मग तो वळला. दारात नॅन्सी उभी होती. दोन्ही हातांना पीठ. तिनं सगळं ऐकलं होतं. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. टोनी नुसता हातातल्या स्क्रीनकडे बघत बसला, तेव्हा नॅन्सी पुढं आली आणि पिठाच्या बोटानं तिनंच तो उचलून त्याच्या कानाला लावला.

"हॅलो? … हो मावशी, कट झाला. … बॅटरी गेली व्हय? … चार्जिंगला लावून बोलताय? बरं. … कुठवर आलं ऐकू? … 'एक सांगायचं हाय', तिथवरच? … पुढचं काहीच न्हाई?"

ही देवानं दिलेली पळवाट होती की परीक्षा, ते कसं ओळखायचं हे काही शब्बाथशाळेत शिकवलं नव्हतं. नॅन्सी जागची हलली नाही.

"मावशी, रविवारी तुम्ही उभं राहायचं न्हाई. … न्हाई, मी राहतो. … मीच. … कारण कोकरू लंगडं नव्हतं तुमचं. चांगलं पळत होतं. पाय मी धरून ठेवले होते. … व्हय. … पाचही वाजतात. … व्हय, पहिल्यापासनं. … ठावं होतं मला. लिलावाच्या आधी. … व्हय मावशी. ठावं असून."

पुन्हा कट झाला की काय म्हणून टोनीनं बघितलं, झाला नव्हता. दौंडची एक गाडी शिट्टी देत निघून गेली.

"मावशी? … बोला की. रागवा, पण बोला. … काय? … हां. हां, करा, फोटो आधी सरळ करा. थांबतो मी."

फोन खाली ठेवल्याचा, मग खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग मावशी कोणाशी तरी हळू बोलल्या. शब्द कळले नाहीत. टोनीचे डोळे भरून आले आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही.

"हां मावशी, हाय लाइनवर. … रविवारी? … परत टेबलावर? … आणतो. वायरींसकट सगळं आणतो. … पाचही वाजवून दाखवतो, हो, मंडळीसमोर. … सांगतोही मीच. … आन् बोली? … न्हाई, म्हणजे मी… … बरं. … न्हाई लावत. … एकदापण हात वर करत न्हाई मावशी, शब्द देतो. … गूळ? … आता कशाला गूळ? … तरी पाठवणार? … बरं. … हो, नॅन्सीला सांगतो. सलाम मावशी."

फोन ठेवून तो टेबलाखाली शिरला आणि कॉम्प्युटरच्या पाठीतून तिन्ही पिना काढल्या, हिरवी, काळी आणि नारिंगी. प्लॅस्टिकची पिशवी त्यानं फेकून दिली. तिन्ही पिना एकत्र धरून त्यांना रबर लावलं, म्हणजे रविवारी कोणी बघितलं तर लांबूनही दिसतील.