दिशाच्या कापडातलं उरलेलं

(काष्टी. गावातल्या घराची पडवी, भर दुपार. भागूबाई बसलेली. समोर उभी तिची थोरली जाऊ कडूबाई, मळ्यातून चालत आलेली.)

भागूबाई : कवाधरनं बसा म्हनते, तुमी बसंनात. या घरात टेकायचं न्हाई आसं ठरवूनच आल्या का, आक्का?

कडूबाई : बसते गं. आदी हे गाठोडं घे खाली. उजवा हात कामाचा राह्यला न्हाई माझा. पोळ्याच्या टायमाला वारं गेलं त्याच्यावरनं.

भागूबाई : कानावर आलं हुतं.

कडूबाई : कानावर आलं, आन तू आली न्हाईस.

भागूबाई : कशी येनार? इहिरीच्या पान्यावरनं दोघं भाऊ भांडले, वाटन्या झाल्या, आन शब्द लागला मला. “वांझेची सावली माझ्या लेकीवर नगं.” भावजी म्हनले. तुमी चुलीपाशी हुत्या. त्वांड उघडलं न्हाई.

कडूबाई : न्हाई उघडलं.

भागूबाई : वीस वरसं झाली त्याला. जाऊ द्या. काय हाय गाठोड्यात?

कडूबाई : जुनी लुगडी. धुऊन धुऊन मऊ झालेली. आपल्या सासूबाईंचंबी हाय एक. दिशा आलीय संगमनेरवरनं, बाळंतपनाला. दिवस भरत आल्यात. बाळाला दुपटं पायजे, कुंची पायजे.

भागूबाई : दुकानात मिळत्यात की. बदकाची चितरं आसलेली.

कडूबाई : मिळत्यात. पन त्यात लेकराचा घाम जिरत न्हाई.

भागूबाई : मग द्या कुनाला तरी. गावात शिवनाऱ्या काय कमी हायत?

कडूबाई : त्यांचा टाका मला ठावं न्हाई. आपन दोघी एका वाकळंला दोन टोकांनी बसायचो, याद हाय? तू तिकडनं, मी इकडनं. मधी आलो की कुनाचा टाका कुठला, सासूबाईंलाबी वळखायचा न्हाई. माझा हात आसता तर मीच शिवलं आसतं. न्हाई तर तू. तिसरीचं नगं.

भागूबाई : आन भावजी? माझ्या हातचं त्यांच्या नातवाला चालंल?

कडूबाई : त्यांचं मी बघते.

भागूबाई : तवा न्हाई बघितलं. न्या ते गाठोडं. दिशाच्या लग्नात सारं गाव जेवलं, आक्का. मी ह्या पडवीत बसून बँड ऐकला.

इसहाक : भागूबाई, आहात का? इसहाक टेलर. तुमचे तुकडे आणलेत. दिशाचे गाऊन झाले शिवून. या खेपेला माप मोठं, त्यामुळं फारसं उरलं नाही, पण फुलाफुलाचं बघून ठेवलंय तुमच्यासाठी... अरे. कडूबाई, तुम्ही इथं?

कडूबाई : मीच. बोला की मास्तर. थांबला का?

इसहाक : काही नाही. मी नंतर येतो.

कडूबाई : माझ्या लेकीच्या गाऊनचं कापड हितं कशाला आलं?

इसहाक : भागूबाई, आता काय सांगू मी?

भागूबाई : सांगून टाका. किती झाकायचं?

इसहाक : कडूबाई, तुमच्या घरचं कापड माझ्याकडं येतं, त्यातलं दिशाचं जेवढं उरतं तेवढं मी यांना देतो. ती बालवाडीत जायला लागली तेव्हापासून. चिंध्याच त्या, एरवी उशीतच गेल्या असत्या. या म्हणाल्या, मला द्या. माझ्यानं नाही म्हणवलं नाही. राग धरायचा तर माझ्यावर धरा.

कडूबाई : काय केलं गं त्याचं तू?

भागूबाई : मास्तर, ती ट्रंक उघडा. कडी जड लागती.

इसहाक : देवा! इतकं सगळं? मीसुद्धा आजच बघतोय.

कडूबाई : ही निळी पिशवी... हा तर शाळेचा गनवेस!

भागूबाई : व्हय. तिला दप्तर केलतं. वर कमळ भरलंय बघा. ती मोठी झाली, दप्तर हितंच राह्यलं. हे बस्कर तिच्या परकराचं. कॉलेजच्या ड्रेसाच्या ह्या उशीच्या खोळी. भाकरी गुंडाळायचं फडकं. आन लग्नातल्या ब्लाऊजचं कापड बोटभरच उरलं, त्याचा हा बटवा. संसारात लागंल तिला, म्हनून एकेक करत गेले. पोचवायचं कसं, ते काय सुचलं न्हाई.

कडूबाई : आन खाली ही कुंची?

भागूबाई : ऱ्हाऊ द्या ती.

कडूबाई : मोती लावल्यात. हे कापड तर दिशाचं न्हाई.

भागूबाई : माझं हाय. माझ्या लग्नातल्या लुगड्याचं. नवी नवरी हुते तवा शिवलीती. मला हुईल म्हनून.

कडूबाई : भागू...

भागूबाई : ठेवा खाली. जुनी झालीय ती.

कडूबाई : हीच पायजे मला. दिशाच्या लेकराला.

भागूबाई : याड लागलं का तुमाला? ही कुंची? लोकं काय म्हनतील? उद्या लेकराला साधं पडसं झालं तरी माझ्यावर येईल.

कडूबाई : लेकरं काय, पडशातच वाढत्यात. आन माझ्याकडं देऊ नगं. बाळ झालं की तू ये मळ्यात, तुझ्या हातानं घाल.

भागूबाई : भावजी दारात आडवे आले तर?

कडूबाई : तर मी तुझ्या म्होरं चालन. हात गेलाय माझा, त्वांड हाय आजून.

इसहाक : मी निघतो. दुकान उघडं टाकून आलोय.

भागूबाई : थांबा मास्तर, चा टाकते. आक्का, तुमी ते गाठोडं सोडा तवर. दुपट्याला सासूबाईंचं लुगडं आतनं घालू, मऊ बाजूनं.

कडूबाई : माझ्या चात साखर टाकू नगं. मला बंद केलीय डॉक्टरनं.

भागूबाई : आक्का, एक इचारू?

कडूबाई : इचार की.

भागूबाई : मापं सगळी ठावं हायत मला तिची. खांदा, कंबर, उंची. बाजारात लांबून बघितलीबी दोन बाऱ्या. पन आवाज कसा झालाय हो?

कडूबाई : घोगरा हाय जरा. तू मळा सोडून गावात आलीस ना, तवा बांधावर बसून काकू काकू करत हाका मारायची. तवा बसला, तो तसाच राह्यला.