जागेवरची बाटली

रंगराव : ही बाटली हलवली कोणी?

सत्यशीला : कुठली? तुमच्या या गॅरेजात सरबताच्या जुन्या बाटल्यांत भरलेल्या तेलांशिवाय दुसरं आहे काय?

रंगराव : सत्या, चेष्टा नको. ही, पान्यांच्या शेजारची.

सत्यशीला : मीच हलवली. खंडेनवमीला फळी उतरवून पुसली. हत्यारांची पूजा केलीत, दोन फुलं वाहिलीत आणि निघून गेलात. सगळं परत लावलं मी. जिथं जागा दिसली तिथं.

रंगराव : पान्यांशेजारी ब्रेकचं तेल असतं. जॅकचं तेल खाली, कोपऱ्यात.

सत्यशीला : ते तुमच्या डोक्यात. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावा म्हणून सांगून माझी जीभ झिजली. तुमचं आपलं एकच, माझ्या हाताला कळतं.

रंगराव : पाणी आण.

सत्यशीला : आता पाणी कशाला?

रंगराव : आण म्हणतो ना! हं, या बाटलीतलं तेल हातावर घेतलंय, ओत त्यावर. ब्रेकचं तेल असेल तर पाण्याबरोबर निघून जाईल.

सत्यशीला : ओततेय.

रंगराव : ओत. अजून ओत.

सत्यशीला : सगळा तांब्या संपला. नुसते थेंब ओघळतायत. हात तसाच तेलकट.

रंगराव : मेलो.

सत्यशीला : शुभ बोला जरा. झालं काय?

रंगराव : सकाळी कल्याणी नि जावई निघायच्या आधी माझ्या जुन्या मॉरिस गाडीच्या ब्रेकमध्ये थोडं तेल घातलं. वाकलेलोच होतो. मागे हात नेला, बाटली घेतली, ओतली. पाहिलंसुद्धा नाही गं. मी ब्रेकमध्ये जॅकचं तेल घातलंय.

सत्यशीला : तेल ते तेल. त्यानं काय होतं?

रंगराव : आतली रबरं फुगतात. आधी ब्रेक सुटेनासा होतो, चाकं धरून ठेवतो. चाकं तापतात, मग आतलं तेल उकळतं. आणि एकदा कधीतरी पाय ठेवावा तर पाय खालीच जातो. ब्रेक नाहीच.

सत्यशीला : ती जेजुरीला गेलीय. येताना दिवेघाट उतरायचाय.

रंगराव : जाताना चढ होता. म्हणून निभावलं.

सत्यशीला : मग उभे काय राहिलात? फोन लावा!

(फोन स्पीकरवर आहे.)

कल्याणी : बोला बाबा! तुमची म्हातारी सुपरहिट आहे हं. जेजुरीत पार्किंगमध्ये लोक लाइन लावून सेल्फी काढत होते. तेजस तर ओनर असल्यासारखा पोज देत होता.

रंगराव : आत्ता कुठे आहात?

कल्याणी : घाटाच्या वर. चहा झाला, निघतोच आहोत.

रंगराव : ब्रेक कसे लागतात?

कल्याणी : एकदम शार्प! पाय ठेवायच्या आधीच थांबते. फक्त जरा जड चालतेय, आणि काहीतरी जळल्यासारखा स्मेल येतोय. तेजस म्हणतो, सासऱ्यांच्या वयाची गाडी आहे, वास यायचाच.

रंगराव : मग जरा थांबा ना. इंजिन गार होऊ दे. तासभर.

कल्याणी : तासभर? बॉनेट उघडून बघितलं बाबा, सगळं ओके आहे. गाडी तुमच्याकडे सोडून अंधार पडायच्या आत घरी, हिंजवडीला पोचायचंय. संध्याकाळचं ट्रॅफिक माहितीये ना तुम्हाला?

रंगराव : हो. बरं. सावकाश या मग.

कल्याणी : का, काही झालंय का?

रंगराव : काही नाही. सहज केला फोन.

कल्याणी : ओके, बाय!

सत्यशीला : सहज?

रंगराव : ती घाबरली असती.

सत्यशीला : घाबरू दे की! घाबरली असती तर तिथंच चहाच्या टपरीवर बसून राहिली असती. पोरगी घाट उतरणार आणि तुम्ही म्हणता सावकाश या?

रंगराव : मला सुचलं नाही.

सत्यशीला : सुचलं बरोबर. ते विलायतेहून मागवलेले भाग, रिटायर झाल्यापासून चाललेला तो खटाटोप, पेठेतून माणसं बघायला येतात त्याचं कौतुक. ते सगळं सुचलं. पोरगी नाही सुचली. लावा परत.

रंगराव : लावतोय. रेंज नाही.

सत्यशीला : पुन्हा लावा.

रंगराव : रिंग जातेय. उचलत नाही. उतरायला लागली असेल. सत्या, ती उतरायला लागली असेल.

सत्यशीला : तेजसच्या फोनवर लावा. द्या इकडे, तुमच्यानं बटणं दाबवत नाहीयेत. हां, लागला. बोला आता. आणि खरं बोला.

कल्याणी : बाबा, मी घाटात आहे. तेजसनं फोन धरलाय. पटकन बोला.

रंगराव : कल्याणी, ब्रेकचा भरवसा धरू नकोस. सकाळी मी त्यात चुकीचं तेल घातलं. ब्रेक कधीही जाईल.

कल्याणी : काय?

रंगराव : कितव्या गिअरमध्ये आहेस?

कल्याणी : थर्ड. बाबा, पुढे ट्रक आहे.

रंगराव : सेकंड टाक. शिकवलंय तसं, दोनदा क्लच मारून. घाई नको.

कल्याणी : पडत नाहीये!

रंगराव : क्लच सोड, किंचित ॲक्सिलरेटर दे, परत दाब. आता टाक.

कल्याणी : पडला. पडला! पण बाबा, पेडल मऊ लागतंय. खाली जातंय.

सत्यशीला : देवा खंडेराया.

रंगराव : पेडल सोडून दे. हँडब्रेक तारेचा आहे, त्याचा तेलाशी संबंध नाही. त्याचं बटण दाबूनच धर आणि थोडा थोडा ओढ. एकदम ओढलास तर गाडी फिरेल.

कल्याणी : ओढतेय. खूप हळू कमी होतोय स्पीड.

रंगराव : होऊ दे. डोंगर कुठल्या बाजूला?

कल्याणी : डावीकडे. रोडचं काम चाललंय, मुरमाचे ढीग टाकलेत.

रंगराव : एखादा ढीग बघ आणि घाल त्यात गाडी.

कल्याणी : बाबा, गाडी खराब होईल!

रंगराव : चुलीत गेली गाडी! घाल!

सत्यशीला : कल्याणी? काय आवाज झाला? अगं बोल ना! तेजस? कोणीतरी बोला रे!

कल्याणी : आई. थांबलो. ढिगात घुसलोय. आम्ही ठीक आहोत.

सत्यशीला : लागलं का कुठं?

कल्याणी : नाही. तेजसचा गुडघा जरा आपटलाय. माझे हात स्टिअरिंगवरून सुटत नाहीयेत.

रंगराव : असू दे. बस तशीच. चाकांना दगड लावायला सांग त्याला. मी निघतोच आहे.

कल्याणी : बाबा, पेडल पार खाली टेकलंय. वर येतच नाहीये.

रंगराव : हो.

कल्याणी : मघाशी फोन केलात, तेव्हा मी वर सपाटीवर उभी होते. तेव्हा माहीत होतं तुम्हाला?

रंगराव : होतं.

कल्याणी : मग?

रंगराव : भीती वाटली. वाटलं, कळल्यावर तू परत माझ्या गाडीत बसणार नाहीस.

कल्याणी : आईकडे द्या फोन.